व्हायबर्नमचं झुडूप जोमात, पण फूल एकही नाही

अंगणवेडी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचते आहे, आज लिहायची वेळ आली.

चार वर्षांपूर्वी व्हायबर्नम कार्लेसीचं रोप आणलं. आणलं तेव्हाच कळ्या होत्या. त्या वसंतात ११ गेंद फुलले, मोजलेत मी. कळी गुलाबी, उमलली की पांढरी, आणि वास असा की खिडकी उघडी असली तर आतल्या खोलीपर्यंत यायचा. पुढच्या वर्षी जेमतेम दोन गेंद. त्यानंतरचे दोन वसंत कोरडे गेले.

झाड आजारी म्हणावं तर अजिबात नाही. छातीएवढं झालंय, पानांनी गच्च. बुंध्यातून तर काठीसारखे सरळसोट नवे फुटवे आलेत, माझ्या डोक्याच्या वर गेलेत. झाड खूश आहे म्हणूनच फुटतंय असं समजून ते मुद्दाम राखलेत. दरवर्षी पानगळीच्या सुमाराला मी झुडूप छान गोल कापून घेते, म्हणजे हिवाळ्यात ओबडधोबड दिसत नाही. यंदा पुढची बाजू कापून झाली आणि खांदा धरला, त्यामुळे भिंतीकडची बाजू तशीच राहिली आहे.

ऊन सकाळपासून दुपारपर्यंत. पाणी साचत नाही. शेजारच्या हिरवळीला खत घालते ते थोडं त्यालाही मिळतं. घरचे म्हणतात काढून टाक आणि दुसरं काहीतरी लाव. काय करू?

हिरवळचाहता

हिरवळीचं खत म्हणजे नत्राचा मारा. पानं मिळतील, फुलं नाहीत. ते आधी बंद करा.

आणि घाबरू नका. माझा स्नोबॉल व्हायबर्नम असाच रुसला होता. हिवाळ्याच्या शेवटी जमिनीपासून वीतभर ठेवून सगळा कापला. एक वर्ष काही नाही, दुसऱ्या वर्षी पांढरेशुभ्र चेंडू लटकले. तुम्हीही तेच करा.

खुरपं

अंगणवेडी, थांबा. वरचा सल्ला ऐकून सिकेटर हातात घेतला असेल तर खाली ठेवा. कारण मागून सांगतो, आधी दोन गोष्टी बघून या.

पहिली: भिंतीकडची न कापलेली बाजू. फांद्यांच्या अगदी टोकांना काय दिसतं ते जवळ जाऊन पाहा. कार्लेसीच्या कळ्यांवर खवल्यांचं आवरण नसतं. पुढच्या वसंतात फुलणारा अख्खा गेंद आत्ताच तिथे तयार बसलेला असतो, शर्टाच्या बटणाएवढा, करड्या लवेचा, दाटीवाटीने बसलेल्या बारीक दाण्यांचा. पानाची कळी निमुळती असते, चिमटलेल्या वातीसारखी. दोन्हींत घोटाळा होणार नाही.

दुसरी: ते काठीसारखे फुटवे. त्यांचं एक पान तोडा, वरच्या जुन्या फांदीचं एक तोडा, आणि शेजारी शेजारी ठेवा. शिवाय बुंध्याजवळची माती हाताने बाजूला करून फुटवा नेमका कुठून निघालाय ते बघा.

मग लिहा.

अंगणवेडी

आत्ताच बघून आले. नखांत माती आहे अजून.

भिंतीकडे टोकांना तशी बटणं आहेत! सहा मोजली. मी त्यांना आजवर वाळलेली टोकं समजत होते. पुढच्या बाजूला एकही नाही. मग शंका आली म्हणून खताच्या ढिगावर टाकलेल्या कापलेल्या काड्या उपसल्या. त्यातल्या निम्म्यांच्या टोकाला तेच. एक बटण नखाने उकललं तर आत टाचणीच्या डोक्याहून लहान हिरवट दाणे, एकमेकांना चिकटलेले. फार वाईट वाटलं हो.

पानांचं म्हणाल तर वरचं पान तळहातात मावतं, मंद हिरवं. फुटव्याचं जवळजवळ दुप्पट, जाड, सुरकुतलेलं, खालून खरखरीत लव. माती काढली तेव्हा बुंध्याला एक फुगीर गाठ दिसली. फुटवे तिच्या खालून आलेत, सगळेच्या सगळे. म्हणजे काय?

खुरपं

म्हणजे दोन दुखणी आहेत, आणि दोन्हींना इलाज आहे.

पहिलं तुम्हीच शोधलंत. कार्लेसी गेल्या हंगामात वाढलेल्या काडीवर फुलतो. फुलून झालं की नवी काडी वाढते, उन्हाळा सरता सरता तिच्या टोकाला कळी धरते, हिवाळाभर ती तशीच उघड्यावर बसते. पानगळीत गोल कापणं म्हणजे नेमकी तीच टोकं उडवणं. पहिल्या वर्षीचे ११ गेंद नर्सरीतूनच कळ्या घेऊन आले होते, तुमची कात्री तोवर लागलीच नव्हती. कापायचंच असेल तर फुलं सुकल्यावर लगेच, तीन-चार आठवड्यांच्या आत. तेही फार नको. हे झुडूप सावकाश वाढतं, त्याला स्वतःचा आकार असतो. वाळलेली फांदी, एकमेकींवर घासणाऱ्या दोनपैकी एक, बस. गोल चेंडूच हवा असेल तर दुसरं झुडूप लावा, याच्यामागे लागू नका.

दुसरं दुखणं ते फुटवे, आणि मला विचाराल तर तेच जास्त गंभीर. तुमचं झाड कलमी आहे. ती गाठ म्हणजे कलमाचा जोड. कार्लेसीचं बऱ्याचदा दुसऱ्या दांडग्या व्हायबर्नमच्या खुंटावर, म्हणजे मुळांकडच्या भागावर, कलम करतात. त्याचं नाव व्हायबर्नम लँटाना. नाव वाचून घाणेरी डोळ्यांपुढे आली असेल तर ती ही नव्हे. उलट घाणेरीलाच लँटाना हे नाव या झुडपावरून उसनं मिळालंय, दिसण्यातल्या साम्यामुळे. तर जोडाखालून फुटलेलं सगळं या खुंटाचं. तुम्ही प्रेमाने राखलेत ते पाहुणे घर बळकावायला निघालेत.

हसत नाही तुम्हाला. मी हेच केलंय. पाच वर्षं एका झुडपाच्या जोमाचं येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुक सांगितलं. अखेर फुललं तेव्हा मळकट पांढरे चपटे गुच्छ आले, आणि वास असा की घरच्यांनी आधी मेलेला उंदीर शोधला. वरचा कार्लेसी केव्हाच वाळून गेला होता, मला पत्ताही नव्हता.

म्हणून हिरवळचाहता, तुमचा स्नोबॉल स्वतःच्या मुळांवर असणार, तो जमिनीतून पुन्हा तोच उगवला. इथे जमिनीलगत कापलं तर उरेल फक्त खुंट.

फुटवे काढताना नुसते वरून कापू नका. बुडाशी डोळे, म्हणजे न फुटलेले कोंब, राहतात आणि एकाचे चार होतात. माती बाजूला करून फुटवा जिथून निघालाय तिथे धरा आणि बाहेरच्या बाजूला झटका देऊन ओरबाडून काढा. ओरबाडल्याने बुडाचे डोळेही निघून येतात. अंगठ्याहून जाड झाले असतील तर धारदार सुरीने बुंध्याला घासून कापा. खुंटी ठेवू नका. पुढे वर्षातून दोनदा नजर टाका. कोवळा फुटवा बोटांनीच निघतो.

काढलेल्या काड्या मात्र फेकू नका. इतक्या सरळ आणि चिवट काड्या सहज मिळत नाहीत. १९९१ साली आल्प्सच्या बर्फात सापडला तो ओट्झी, ५,००० वर्षांहून जुना माणूस. त्याच्या भात्यातल्या बाणांच्या बहुतेक काड्या याच झुडपाच्या होत्या. तुम्ही वाटाण्याच्या वेलाला आधार म्हणून लावा.

हिरवळचाहता

हे कलमाचं माझ्या लक्षातच आलं नाही. सल्ला मागे घेतो. नत्राचं तरी बरोबर ना?

खुरपं

शंभर टक्के. वसंताच्या तोंडाशी कुजलेलं शेणखत किंवा पानांचं खत, वर्षातून एकदा, पुष्कळ झालं. त्यावर पालापाचोळ्याचं पाच-सात सेंटिमीटर आच्छादन घाला, फक्त बुंध्याला चिकटू देऊ नका. याची मुळं वरच्यावर पसरलेली असतात. उन्हाळ्यात माती तापली की आधी तीच सुकतात, आणि नेमकी तेव्हाच कळी धरायची वेळ असते. त्यामुळे कोरड्या आठवड्यात एकदा पण खोलवर पाणी द्या. रोज शिंपडून काही होत नाही.

दवबिंदू

मध्येच घुसते, माफ करा. माझ्याकडे व्हायबर्नम डेंटॅटम आहे. भरभरून फुलतो, पण निळी फळं मोजून चार. पक्ष्यांसाठीच लावला होता. याचीही काही कात्रीचीच भानगड?

खुरपं

नाही, याचा जोडीदार नाही. बहुतेक व्हायबर्नमना स्वतःच्याच परागाने नीट फळं धरत नाहीत. त्याच जातीचं पण वेगळ्या वाणाचं दुसरं झुडूप, त्याच दिवसांत फुलणारं, जवळपास हवं. तुमच्याच झाडाची फांदी लावून केलेलं रोप चालणार नाही, ते तेच झाड झालं. (स्नोबॉलवाल्यांनी वाट बघूच नये, त्याची सगळी फुलं वांझ असतात.)

आणि डेंटॅटम आहे तर हिवाळ्यात बारीक काड्यांची खालची बाजू तपासा. ओळीने तपकिरी पुटकुळ्या दिसल्या तर ती व्हायबर्नमच्या पानभुंग्याची अंडी. त्या काड्या अंडी फुटायच्या आत कापून नष्ट करा. चार कळ्या गेल्या तर जाऊ देत, एरवी अळ्या पानांची चाळण करतात. कात्रीला हिवाळ्यात हात लावायचं हे एक कारण मला मान्य आहे.

अंगणवेडी

धागा वर काढते आहे, वसंत आला म्हणून.

फुटवे नऊ निघाले. सात ओरबाडून, दोन सुरीने. काढल्यावर झुडूप इतकं बारकं दिसायला लागलं की घरच्यांना वाटलं मी अखेर ऐकलं आणि ते काढायला घेतलं.

परवा पहिला गेंद उमलला. आज सहाही फुललेत, सगळे भिंतीच्या बाजूला. अंगणातून बघाल तर काहीच दिसत नाही. भिंत आणि झुडूप यांच्यामध्ये हातभर जागा आहे, तिथे आडवं होऊन शिरावं लागतं. सकाळपासून तीनदा शिरून आले. खांदा बरा आहे, पण कात्री माळ्यावर ठेवली आहे.