मदत हवी आहे: ऑटोमॅटिक गाडीचा चौथा गिअर (ओव्हरड्राइव्ह) पडतच नाही – सातारा

मंडळी, गाडी २०११ ची, पेट्रोल, चार गिअरची जुन्या पद्धतीची ऑटोमॅटिक. म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरवाली (इंजिनचा जोर तेलातून पोचवणारी), एएमटी (साध्या गिअरबॉक्सचा क्लच-गिअर यंत्रानं चालवणारी) नव्हे. १,१२,००० किमी झालेत. वडिलांचा डावा गुडघा गेला म्हणून सेकंडहँड घेतली होती, आता मीच रोज सातारा-कराड करतो.

दिवाळीनंतर कधीतरी लक्षात आलं की हायवेला गाडी तिसऱ्यातच राहते. पूर्वी साठ-पासष्टला आरपीएमचा काटा खाली यायचा आणि इंजिन एकदम शांत व्हायचं. आता शेंद्रे सोडल्यापासून उंब्रजपर्यंत ८० च्या स्पीडला ३२०० आरपीएम. नुसती ओरडत असते. एव्हरेज १४ वरून ११ वर आलंय.

लिव्हरवरचं ओव्हरड्राइव्हचं बटण तपासलं. दाबलं की मीटरमध्ये 'ओ/डी ऑफ' लागतं, परत दाबलं की विझतं, म्हणजे बटण चुकून दाबलेलं राहिलंय असं नाही. गिअरबॉक्सचं तेल गाडी फिरवून आणून, सपाटीवर, इंजिन चालू ठेवून, लिव्हर पी मध्ये टाकून पट्टीवर पाहिलं. खुणांच्या मधे आहे, लाल आहे, जळका वास नाही. पहिला-दुसरा-तिसरा लोण्यासारखे पडतात. चेक इंजिनचा दिवाही नाही.

एका गॅरेजात सांगितलं, गिअरबॉक्स उतरवून आतल्या क्लच प्लेटा बदलाव्या लागतील, ६५ हजार. गाडी विकली तरी त्याच्या दुप्पट आली तर नशीब. काय करू?

कंदीपेढा
तिसऱ्या गिअरमध्ये पण कराड येतंच की राव! गंमत सोडा, पण ६५ हजार घालू नका. माझ्या मते सोलेनॉइड (गिअर टाकणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) गेलाय. नाहीतर स्पीड सेन्सर.

पाना-पक्कड
सोलेनॉइड किंवा सेन्सर गेला असता तर बहुतेक वेळा गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर फेल-सेफमध्ये (बिघाड वाढू नये म्हणून एखादाच गिअर देण्याच्या अवस्थेत) जातो, दिवा लागतो आणि गाडी जागेवरून उठतानाच जड वाटते. इथे तिन्ही गिअर छान पडतायत. आणि चौथ्याच्या प्लेटा झिजल्या असत्या तर गिअर पडायचा प्रयत्न झाला असता, आरपीएम वर उडाला असता. यांच्या गाडीत प्रयत्नच होत नाहीये. कॉम्प्युटर चौथा मागतच नाहीये असं दिसतंय.

दादा, दोन गोष्टी सांगा. हायवेला इंजिनच्या टेंपरेचरचा काटा कुठे असतो? आणि गेल्या वर्षभरात कूलिंगचं काही काम केलंय का?

धागाकर्ता
काटा पाव भागाच्या जरा वर. पूर्वी निम्म्यावर असायचा, पण कमी गरम होते म्हणजे चांगलंच ना?

काम झालंय. मे महिन्यात पुण्याहून येताना खंबाटकी घाटात काटा लालला टेकला होता. ओळखीच्या मेस्त्रींनी थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह काढून टाकला. म्हणाले, आपल्याकडच्या हवेला तो लागतच नाही. त्यानंतर परत कधी तापली नाही.

आणि एक विचित्र गोष्ट. रविवारी यवतेश्वर घाट चढून कासच्या रस्त्याला लागलो, तर वर सपाटीला चौथा पडला! चार-पाच किलोमीटर छान चालली, मग परत तिसऱ्यात.

पाना-पक्कड
सापडलं. गिअरबॉक्सला हातही लावू नका.

बऱ्याच इलेक्ट्रॉनिक ऑटोमॅटिकमध्ये इंजिन ठराविक तापेपर्यंत, साधारण ५५-६० अंशांपर्यंत, ओव्हरड्राइव्ह आणि लॉक-अप (टॉर्क कन्व्हर्टर घट्ट धरून इंजिन थेट गिअरबॉक्सला जोडणारा क्लच) दोन्ही अडवून ठेवतात. थंड इंजिनवर जोर पडू नये आणि ते लवकर तापावं म्हणून. थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह साधारण ८२ अंशांना उघडतो, तोवर पाणी रेडिएटरकडे जाऊच देत नाही. तुमच्याकडे तो नाहीच, म्हणजे पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतंय. वर ८० च्या स्पीडचा वारा आणि थंडीतली सकाळ. इंजिन हायवेला कधी तापतच नाही, आणि कॉम्प्युटरला वाटतं गाडी आत्ताच सुरू झालीय. उन्हाळ्या-पावसाळ्यात जेमतेम निभावलं, दिवाळीनंतर थंडी पडली आणि उघडं पडलं. यवतेश्वरला घाटाच्या चढावर इंजिन तापलं म्हणून गिअर मिळाला.

फुकटात खात्री करा. रेडिएटरसमोर निम्म्या भागावर पुठ्ठा लावून उंब्रजपर्यंत जा. टेंपरेचरच्या काट्यावरून नजर हलवू नका, निम्म्याच्या वर गेला की थांबून काढा. गिअर पडला तर आरपीएमचा काटा दोनदा उतरेल: आधी चौथा पडल्यावर मोठा, मग लॉक-अप धरल्यावर दोनेकशेचा छोटा.

घाटवळण
पुठ्ठा लावायची आयडिया आमचे ट्रकवाले आजोबा करायचे. पण व्हॉल्व्ह परत बसवला की खंबाटकीचं दुखणं परत येणार, ते बघा. मुळात तापली का, ते कुणी शोधलंच नाही. उभ्या गाडीत फॅन फिरतो का?

धागाकर्ता
चार दिवसांनी लिहितोय, माफी असावी.

मित्राकडून ब्लूटूथचा स्कॅनर आणला. नागठाण्याजवळ कूलंट ५१ अंश! पुठ्ठा लावला, काशीळच्या अलीकडे ६४ झालं आणि चौथा पडला. गाडीत एकटाच होतो तरी ओरडलो.

नवा व्हॉल्व्ह, गॅस्केट, कूलंट आणि मजुरी मिळून २,१०० रुपये. घाटवळण, तुमचंही बरोबर निघालं. फॅनचा रिले मधेच दगा देत होता, तोही बदलला. आता काटा निम्म्यावर, ८० ला २२५०.

मेस्त्रींना सांगितलं. म्हणाले, "मी म्हणतच होतो, व्हॉल्व्ह पाहिजे."

एकच शेवटचं: १,१२,००० ला गिअरबॉक्सचं तेल बदलू का? मागचा काही हिशेब नाही.

पाना-पक्कड
बदला, पण मशीन लावून फ्लश नको. खालच्या बोल्टमधून निघेल तेवढंच काढा, मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचं तेवढंच भरा, आणि हजारेक किलोमीटरनं परत एकदा.