मदत हवी आहे: लाटके तव्यात फुटतात

किसणी: उद्या संध्याकाळी ज्यूंच्या हनुक्का सणासाठी मैत्रिणीकडे जायचंय, वीस लाटके (किसलेल्या बटाट्याच्या तळलेल्या टिक्क्या) न्यायचेत. दोन घाणे काढले, दोन्ही फुटले. उरले ते बाहेरून तेलकट, आत कच्चे. काय चुकतंय? लवकर सांगा.

दापोलीकर: बटाटे कुठले? अंडं घातलंत का? कीस पिळलात? नुसतं 'फुटले' म्हटलं तर कसं कळणार?

किसणी: घरात होते ते, लाल सालीचे. अंडं एक. पिळायचा असतो?

बिडाचा तवा: तिथेच गेलं. लाल बटाट्यात स्टार्च कमी, जास्त स्टार्चचे रसेट जातीचे आणा. कीस पंच्यात बांधून जीव खाऊन पिळा, पाणी भांड्यात धरा. दहा मिनिटांत तळाशी पांढरं सत्त्व बसतं. वरचं पाणी ओतून द्या, सत्त्व परत किसात. चार मोठ्या बटाट्यांना एक कांदा, दोन अंडी, दोन-तीन चमचे मात्झो मील (ज्यूंच्या बिनखमिराच्या रोटीचा चुरा). मीठ तळायच्या ऐन वेळी. तेल पाव इंच तरी हवं, आच मध्यम.

शाल्मली_क: एवढा खटाटोप कशाला? साबुदाण्याचं पीठ घाला आणि उपासाच्या थालीपिठासारखे थापा. माझे कधी फुटत नाहीत.

बिडाचा तवा: ते थालीपीठच झालं. लाटक्याच्या कडा झालरीसारख्या कुरकुरीत लागतात, थापून त्या येत नाहीत.

शाल्मली_क: बटाटा तरी कुठे मूळचा? तो अमेरिकेतून आला. त्याआधी इटलीतले ज्यू चीजचे तळायचे. मग साबुदाण्यालाच हरकत का?

दापोलीकर: सण तेलाचा आहे, जेरुसलेमच्या मंदिरातलं एका दिवसाचं तेल आठ दिवस पुरलं त्याचा. आमच्या कोकणातले बेने इस्रायली ज्यू तेलाचेच घाणे चालवायचे, शनिवारी बंद ठेवायचे म्हणून शनवार तेली. पण त्यांचा खास पदार्थ पोह्यांचा मलिदा. लाटके पूर्व युरोपातल्या अश्केनाझी ज्यूंचे.

अश्दोदकर: किसणीताई, मैत्रीण कोशर, म्हणजे ज्यूंचे खाण्यापिण्याचे धार्मिक नियम, पाळते का? पाळत असेल तर तुमच्या तव्यातलं तिच्याकडे चालणार नाही. आधी विचारा. आणि मांसासोबत दुधाचं चालत नाही, म्हणून जेवणात मांस असलं तर सावर क्रीम नको, सफरचंदाचा सॉस न्या.

किसणी: बरं झालं सांगितलंत! पाळते. म्हणाली, बटाटे घेऊन ये, माझ्याच स्वयंपाकघरात तळू. रसेट आणले. एक पिळून पाहिला तर केवढं पाणी निघालं! लाटका अख्खा उलटला. अंडी माझी चालतील?

अश्दोदकर: चालतील. एकेक वाटीत फोडा, रक्ताचा ठिपका दिसला तर ते टाकून द्या.