बुधवारी मुंबईत अख्खा दिवस मोकळा आहे, आई आणि लेक सोबत. काय करावं?

कडक_भाकरी
नमस्कार मंडळी. कंपनीच्या कामासाठी सोमवार-मंगळवार मुंबईत आहे. राहायची सोय फोर्टात, कंपनीच्याच खर्चाने. खोली फुकट मिळतेय म्हणून आई आणि लेक (वय ८) दोघींना घेऊन येतोय, दोघींनीही मुंबई पाहिलेली नाही. बुधवारी सकाळी नऊला खोली सोडायची, रात्री सीएसएमटीहून सिद्धेश्वरने सोलापूर. मधला दिवस आमचा.
अटी अशा: आईचे गुडघे दुखतात, जिने आणि लांब चालणं नको. तिघांचं मिळून हजार रुपये, खाण्यासकट. (हो, हजारच. बायकोने मोजून दिलेत.) लेकीला समुद्र बघायचाय आणि डबलडेकरमध्ये वर बसायचंय. आईला विचारलं तर "तुम्ही न्याल तिथं" म्हणते.

अंजू_मुलुंड
राणीची बाग! डोळे झाकून राणीची बाग. मोठ्यांना ५० रुपये, मुलांना २५. सीएसएमटीहून स्लो लोकल पकडा. मशीद, सँडहर्स्ट रोड, मग भायखळा. पाच रुपयांचं तिकीट. आमचा मुलगा पेंग्विनच्या काचेसमोरून हलेना, शेवटी उचलून आणला. आत सावली भरपूर, बसायला बाकडी आहेत, आईंना त्रास होणार नाही.

परतीचा_पाऊस
मुंबईत येऊन ताजमध्ये चहा नाही घेतलात तर आलात कशाला? सी लाउंजमध्ये खिडकीपाशी बसायचं, समोर गेटवे आणि लाँचेस. आम्ही इंडियात आलो की जातोच. आणि दिवसभरासाठी एसी गाडी करा, आईंना बरं पडेल. एकदाच तर येताय.

तिखट_शेव
@परतीचा_पाऊस बजेट वाचलंत का हो? हजार रुपयांत ताजच्या दरवानाला रामराम करून परत फिरावं लागेल.

परतीचा_पाऊस
मी फक्त अनुभव सांगितला. आईपेक्षा पैसा मोठा नसतो.

तिखट_शेव
तुमच्या डॉलरांपेक्षा मात्र मोठा असावा.

गिरगावचा_अण्णा
इथे सगळे मुलुंड, ठाणे आणि न्यूजर्सीचे लोक मुंबई दाखवायला निघालेत. मुंबई म्हणजे काय ते आम्हाला विचारा. सकाळी तारापोरवाला मत्स्यालय. तिथून हँगिंग गार्डन, समोरच म्हातारीचा बूट. उतरताना मणिभवन बघा, गांधीजी १९१७ ते १९३४ मुंबईत आले की तिथेच उतरायचे, प्रवेश फुकट. संध्याकाळी गिरगाव चौपाटीवर भेळ. झाला दिवस. यापलीकडे मुंबई नाही, वरळीच्या पुढे तर नुसत्या बिल्डिंगा.

विंडोसीट
अण्णा, तारापोरवाला बंद आहे. केव्हाचं.

गिरगावचा_अण्णा
बंद? मग चर्नी रोडला उतरून माणसाने करायचं काय?

लाटांवर_स्वार
घारापुरी कुणीच कसं सुचवलं नाही? गेटवेवरून लाँच, तासाभराचा प्रवास, लेणी जागतिक वारसा यादीत. सोमवारी बंद असतात, पण तुमचा बुधवार आहे. मुलीला समुद्र हवाय ना, लाँचच्या वरच्या मजल्यावर बसवा. एका फटक्यात सगळं.

स्मिता_के
@लाटांवर_स्वार लेण्यांपर्यंत सव्वाशेच्या आसपास पायऱ्या आहेत. धागाकर्त्याने पहिल्याच पोस्टमध्ये गुडघे लिहिलेत.

लाटांवर_स्वार
डोलीवाले असतात की. माझी सासू डोलीतून गेली, दोन्ही बाजूंच्या दुकानदारांना हात करत.

तिखट_शेव
लाँचच्या तिकिटात निम्मं बजेट जाईल, उरलेलं डोलीत. मग आजीने हात केला तरी खरेदीला काही उरायचं नाही.

रंगराव_कल्याण
लोकलबद्दल सांगतो, कारण रोज मरतो. सकाळी सगळं जग सीएसएमटीकडे येत असतं, तुम्ही तिथून उलटे निघालात तर गाडी रिकामी मिळेल. लेकीला खिडकीही मिळेल. पण संध्याकाळी पाचनंतर सीएसएमटी किंवा चर्चगेटहून उत्तरेकडे जायचं नाव काढू नका. म्हणजे सकाळी वर जा, दुपारपर्यंत खाली या आणि संध्याकाळ दक्षिणेतच काढा. एवढं पाळलं तरी अर्धा दिवस सुखाचा.
दुसरं: आईंना लेडीज डब्यात आणि तुम्ही जनरलमध्ये, असं करू नका. फलाटावर चुकामूक झाली की निम्मा तास जातो. तिघंही एकाच डब्यात चढा.
तिसरं: इंडिकेटरवर स्लो की फास्ट ते बघून चढा. माझा मेहुणा चर्चगेटला चर्नी रोडसाठी फास्टमध्ये बसला, थेट मुंबई सेंट्रलला उतरला आणि वर मलाच शिव्या.

साष्टी_समीर
राणीची बाग +१. पेंग्विन मस्त. शेजारी भाऊ दाजी लाड संग्रहालयही आहे. घारापुरीला ज्या दगडी हत्तीवरून एलिफंटा हे इंग्रजी नाव पडलं, तो हत्ती तिथल्या आवारात उभा आहे. म्हणजे लेण्यांना न जाताही हत्ती बघून होतो.

मीनल_डोंबिवली
मी पण राणीची बागच सांगणार होते. पेंग्विन बघाच. खाण्याचा डबा मात्र घरून न्या.

तिखट_शेव
सोलापूरहून दोन दिवस आधी आलेला माणूस डबा कुठल्या घरून नेणार?

वडापाव_विशारद
खाण्याचं मी सांगतो. सीएसएमटीसमोर आरामचा वडापाव. बाकी कुणाचं ऐकू नका.

दादर_पश्चिम
छे. कीर्ती कॉलेजजवळचा, चुरा मागून घ्यायचा. बाकी सगळे वडे नुसते बटाट्याचे गोळे.

वडापाव_विशारद
वडापावसाठी माणूस गुडघे दुखणारी आई घेऊन दादरपर्यंत जाईल का?

दादर_पश्चिम
चांगल्या वड्यासाठी जातात लोक. जवळच समुद्रही आहे. शिवाय मेट्रो ३ ने सीएसएमटी ते सिद्धिविनायक थेट जाता येतं, स्टेशनचं नावच सिद्धिविनायक. बुधवारी मंगळवारसारखी रांग नसते. दर्शन, वडा, परत. लिफ्ट आणि सरकते जिने सगळीकडे. फक्त खाली उतरल्यावर मोबाइलची रेंज मिळेलच असं नाही, तिकीट आधीच काढून ठेवा.

भायखळा_स्लो
एक मिनिट. राणीची बाग, राणीची बाग असा जप चाललाय. बुधवारी राणीची बाग बंद असते. भाऊ दाजी लाडही बुधवारीच बंद. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर बाग उघडी ठेवून दुसऱ्या दिवशी बंद ठेवतात, तेवढाच अपवाद. मी बागेच्या मागच्या गल्लीत राहतो. दर बुधवारी गेटसमोर शाळेच्या सुट्टीतली पोरं तोंड पाडून उभी असतात आणि वॉचमन हाताने 'उद्या, उद्या' करत असतो.

अंजू_मुलुंड
अरे देवा. मग एक दिवस मुक्काम वाढवता येईल का? पेंग्विनसाठी खरंच वाढवा.

कडक_भाकरी
वाढवता येणार नाही, फुकटची खोली बुधवारी सकाळपर्यंतच. @भायखळा_स्लो वाचवलंत. लेकीला पेंग्विनचं अजून सांगितलं नव्हतं, बरं झालं.

स्मिता_के
आता जरा कामाचं लिहिते. माझ्या आईचे दोन्ही गुडघे बदललेत, तिला घेऊन फोर्टात फिरले आहे.
आधी सामान. नऊला खोली सोडली की सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये टाका. बॅगेला कुलूप हवंच, नुसती चेन चालत नाही, आणि रात्रीचं तिकीट जवळ ठेवा. पावती फोनच्या कव्हरमध्ये घाला, हरवली तर गाडीच्या वेळेला रडायची पाळी.
स्टेशनसमोरचा रस्ता ओलांडायला भुयारी मार्ग आहे. त्याचे जिने आणि खालची गर्दी हीच दिवसातली सगळ्यात वाईट गोष्ट. तिथे आईंना उतरवूच नका. स्टेशनच्या बाजूनेच टॅक्सी करा. मीटर ३१ रुपयांपासून सुरू होतं, तिघांना बसच्या मानाने काही महाग नाही. जवळचं भाडं म्हटल्यावर काही जण मान फिरवतात, पुढच्याला विचारायचं. रिक्षा शोधू नका, शहराच्या या भागात रिक्षाच नाहीत.
दुपारचं ऊन मरीन ड्राइव्हवर काढू नका. कट्टा तापलेला असतो आणि सावली नावाला नाही. अकरानंतर जहांगीर आर्ट गॅलरी उघडते, प्रवेश फुकट, आत गार. शेजारी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे, मुलांसाठी वेगळा विभागही आहे, पण तिकिटाला बजेटचा चांगला लचका जाईल. लेकीला आवड असेल तरच.
डबलडेकरसाठी बेस्टची ए-११५, सीएसएमटी ते एनसीपीए (नरिमन पॉइंटचं नाट्यगृह). एसी आहे, सुरुवातीचं भाडं १२ रुपये. शेवटच्या थांब्यावर उतरलात की समोर समुद्र. चारनंतरची पकडा. आईंना वरच्या मजल्यावर नेऊ नका, जिना अरुंद आहे आणि बस मध्येच हिसका देते. आई खाली, तुम्ही लेकीबरोबर वर.

परतीचा_पाऊस
जुन्या लाल डबलडेकरची मजा नाही या एसीत. उघड्या खिडकीतून झाडाची फांदी तोंडावर यायची.

गिरगावचा_अण्णा
पहिल्यांदा बरोबर बोललात.

साष्टी_समीर
जहांगीरमध्ये आठ वर्षांची मुलगी किती वेळ थांबणार? दहा मिनिटं. त्यापेक्षा सीएसएमटीची इमारतच दाखवा. १८८७ मध्ये बांधून झाली, २००४ पासून जागतिक वारसा. भिंतीवर माकडं, मोर, घुबडं कोरलेली आहेत, मुलीला शोधायला लावा. एकही पैसा नाही.

कडक_भाकरी
सगळ्यांचे आभार. काल रात्री आईला हा धागा वाचून दाखवला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला मंगलदास मार्केटला जायचंय." शेजारच्या काकूंनी तिथून टू बाय टूचे (तलम सुती कापड असतं ते) ब्लाउजपीस आणले होते म्हणे, तेव्हापासून मनात आहे. पिशवीत साड्यांच्या काठांचे तुकडे भरून आणलेत मॅचिंगसाठी. मला काल कळलं.

तिखट_शेव
सोलापूरहून येऊन मुंबईत कापड घेणार? 😀

वडापाव_विशारद
आख्खा दिवस मार्केटात? लेकीवर अन्याय आहे.

दादर_पश्चिम
दादरला कापड मिळत नाही का?

अंजू_मुलुंड
समुद्र सोडून ब्लाउजपीस! निदान मणिभवन तरी करा.

भायखळा_स्लो
आईंना जायचंय तर जाऊ द्या ना. मंगलदास सीएसएमटीहून टॅक्सीने जवळ आहे. अकराच्या आधी जाऊ नका, दुकानं हळूहळू उघडतात. आतून छप्पर आहे, ऊन लागत नाही. गल्ल्या अरुंद आहेत, हमाल गठ्ठे घेऊन 'बाजू, बाजू' करत येतात, मुलीचा हात सोडू नका. पहिल्या दुकानात घेऊ नका, भाव विचारून पुढे जा.

स्मिता_के
जमलं तर आईंना आधी स्टूल मागा. गिऱ्हाईक बसलं की दुकानदारालाही बरं वाटतं.

कडक_भाकरी
जाऊन आलो, घरी पोहोचलो. थोडक्यात सांगतो.
सामान क्लोकरूमला, कुलपाची सूचना उपयोगी पडली. सीएसएमटीवर लेकीने माकडं शोधली, घुबडासाठी मान दुखेपर्यंत वर बघत राहिली. वडापाव आरामचा (@दादर_पश्चिम माफ करा). साडेअकराला मंगलदास. आईला एका दुकानात स्टूल मिळालं आणि ती तिथून उठलीच नाही. तिने एक एक काठ काढायचा, दुकानदाराने गठ्ठ्यांतून ठाण काढून पुढ्यात उलगडायचं. मोरपंखी रंगावर दोघांचं जमेना. आत दिव्याखाली जुळतोय असं वाटायचं, मग पोऱ्या कापड घेऊन गल्लीच्या तोंडाशी उजेडात जायचा, आणि आई स्टुलावरूनच "नाही, अजून एक छटा हिरवा" म्हणून ओरडायची. तीन वाजले. लेक दुकानदाराच्या गादीवर बसून चिंध्यांचे ढीग लावत होती, त्याने तिला चिंध्यांची एक पुरचुंडीच बांधून दिली.
मग टॅक्सीने परत सीएसएमटी आणि ए-११५. वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळाली, आई खाली पिशव्या मांडीवर घेऊन. एनसीपीएपासून अंधार पडेपर्यंत समुद्रावर. हजारातले एकशे चाळीस उरले. आईच्या खरेदीचे पैसे यात नाहीत, ते तिने स्वतःच्या बटव्यातून दिले आणि किती ते विचारायचं नाही असं सांगितलंय.

लाटांवर_स्वार
घारापुरी राहिलीच शेवटी.

परतीचा_पाऊस
एनसीपीएहून ताज टॅक्सीने पाच मिनिटांवर होतं.

सातारी_कंदी
धागा वाचून फार उपयोग झाला. आम्ही येत्या रविवारी येतोय, आईला मंगलदास दाखवायचा विचार आहे.

भायखळा_स्लो
रविवारी मंगलदास बंद.

गिरगावचा_अण्णा
@कडक_भाकरी टू बाय टू काय मीटरने मिळालं? आमची ही विचारतेय.

कडक_भाकरी
आई सांगत नाही.