मदत हवी आहे: लक्स लावलेल्या हार्ड डिस्कचा पासवर्ड आठवत नाही (झाडीबोलीच्या मुलाखती आत आहेत)

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे १ टीबीची बाहेरून जोडायची हार्ड डिस्क आहे. २०१८ मध्ये उबुंटू १८.०४ वर ‘डिस्क्स’ या प्रोग्रॅममधून लक्स (पासवर्डशिवाय डिस्क वाचता येऊ नये असं लिनक्समधलं कुलूप) लावून ती फॉरमॅट केली होती. २०२१ पर्यंत नियमित वापरली, नंतर कपाटात राहिली. गेल्या आठवड्यात काढली आणि पासवर्ड चुकीचा आहे असं सांगतेय. माझ्या मते मी बरोबर तोच टाकतेय. साठेक वेळा टाकून झाला.

आत ४६ तासांच्या मुलाखती आहेत. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरी भागात फिरून झाडीबोली (पूर्व विदर्भातली मराठीची बोली) बोलणाऱ्या अकरा बायकांशी बोलले होते. बोलता बोलता त्यांनी घरातलं बरंच सांगितलं, सासरचं, जमिनीच्या वाटण्यांचं. हे दुसऱ्या कोणाच्या कानावर जाणार नाही असा शब्द दिला होता, म्हणूनच डिस्कला कुलूप घातलं. त्यांतल्या दोघी आता नाहीत. त्यांचा आवाज फक्त इथेच आहे.

दुसरी प्रत आहे, पण तीही लक्सवरच, आणि पासवर्ड तोच.

पासवर्ड म्हणजे त्या मुलाखतींमधले चार शब्द, इंग्रजी अक्षरांत लिहिलेले. शब्द कोणते आणि कोणत्या क्रमाने, याची मला खात्री आहे. एका दुकानात विचारलं तर २५ हजार आगाऊ द्या, फोडून देतो म्हणाले. द्यावेत का?

प्रतिसाद १

विंडोजचं बिटलॉकर असेल तर मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ४८ अंकी रिकव्हरी की सापडते. तिथे बघितलंत का?

धागाकर्ती

बिटलॉकर नाही, लिनक्सचं लक्स आहे. याची किल्ली कुठल्याही खात्यात जात नाही. भावाने डिस्क त्याच्या विंडोज लॅपटॉपला लावली होती, तेव्हा ‘फॉरमॅट करायची का’ असं विचारलं. त्याने नाही म्हटलं.

प्रतिसाद २

ताई, त्याने नाही म्हटलं हे फार बरं झालं. विंडोजला लक्स वाचता येत नाही, त्यामुळे त्याला ती डिस्क कोरी वाटते. हो म्हटलं असतं तर डिस्कच्या सुरुवातीचा हेडर, म्हणजे कुलपाची माहिती असलेला भाग, गेला असता, आणि हेडर गेला की बरोबर पासवर्ड आठवूनही उपयोग नाही.

याचं कारण असं. तुमच्या फाइली पासवर्डने बंद होत नाहीत, आपोआप बनलेल्या एका मुख्य किल्लीने होतात. ती किल्ली हेडरमध्ये ठेवलेली असते आणि पासवर्ड फक्त तेवढी किल्ली उघडतो. म्हणून आज सगळ्यात आधी हेडरची प्रत काढा. लक्स हाताळणाऱ्या क्रिप्टसेटअप या प्रोग्रॅममध्ये त्यासाठी ‘लक्सहेडरबॅकअप’ ही आज्ञा आहे. मग ‘लक्सडंप’ चालवून व्हर्जन काय आणि किती स्लॉट (पासवर्ड ठेवायच्या जागा) चालू आहेत ते कळवा. शब्द मात्र इथे लिहू नका, एकही नाही.

दुकानाला पैसे देऊ नका. मुख्य किल्ली २५६ बिटांची असेल तर शक्यतांचा आकडा ७८ अंकी होतो. तो रस्ता कोणालाच मोकळा नाही. पासवर्ड ओळखणं एवढा एकच मार्ग आहे, आणि त्यासाठी लागणारी माहिती दुकानदाराकडे नाही, तुमच्याकडे आहे.

प्रतिसाद ३

जुना लॅपटॉप अजून आहे का? उबुंटूत डिस्क लावल्यावर पासवर्डच्या चौकटीत ‘कायमचा लक्षात ठेव’ असा पर्याय येतो. तो कधी निवडला असेल तर पासवर्ड लॉगिनच्या कीरिंगमध्ये, म्हणजे पासवर्ड साठवायच्या फाइलमध्ये, असतो. ‘पासवर्ड्स अँड कीज’ उघडून बघा. लॅपटॉप बंद पडला असला तरी त्याच्या एसएसडीवरून कीरिंगची फाइल काढून नव्या मशिनवर जुन्या लॉगिन पासवर्डने उघडता येते.

धागाकर्ती

लॅपटॉप भाचीला दिला, देताना पुसून दिला. शिवाय तो पर्याय मी कधीच निवडला नव्हता, दर वेळी हाताने टाकत होते.

हेडरची प्रत काढली. लक्सडंप सांगतंय: व्हर्जन १, आठपैकी फक्त शून्य क्रमांकाचा स्लॉट चालू.

प्रतिसाद २

व्हर्जन १ म्हणजे पीबीकेडीएफ२. पासवर्ड तपासायला मुद्दाम वेळ लागावा अशी ती रचना आहे, तुमच्या मशिनवर एका प्रयत्नाला साधारण दोन सेकंद धरा. आंधळेपणाने अंदाज करणाऱ्याला ही भिंतच. पण तुमच्यापुढे प्रश्न फक्त स्पेलिंगचा आहे, तिथे दोन सेकंद परवडतात.

कागद घ्या. प्रत्येक शब्दासमोर तो इंग्रजी अक्षरांत किती प्रकारे लिहिला असेल ते मांडा. ‘व’ला व्ही की डब्ल्यू, दीर्घ ‘ई’ला आय की दोन ई, शेवटचा ‘आ’ एका ए-चा की दोन. समजा प्रत्येकाचे ६ प्रकार निघाले, तर चार शब्दांचे १,२९६. मध्ये मोकळी जागा, आडवी रेघ की काहीच नाही, हे तीन. पहिलं अक्षर मोठं की लहान, हे दोन. एकूण ७,७७६. सव्वाचार तासांचं काम. क्रिप्टसेटअपच्या ‘टेस्ट-पासफ्रेज’ पर्यायाने डिस्क माउंट न करता एकेक तपासता येतो. छोटी स्क्रिप्ट देतो, तिच्यात शब्द तुम्हीच भरा. आणि हे सगळं नेट बंद करून करा.

धागाकर्ती

रात्रभर चालवलं. सगळे ७,७७६ झाले. एकही नाही.

खरं सांगते, सकाळी ती ओळ वाचून पाय गळाले. शब्दांबद्दलचीच खात्री आता राहिली नाही.

प्रतिसाद ४

मी मूळचा भंडाऱ्याचा, म्हणून विचारतो. ते शब्द तुम्ही आमच्याकडे बोलतात तसे लिहिले होते की पुस्तकात लिहितात तसे? आमच्या बोलीत ळ नाही, ण नाही, श नाही. डोळ्याचा डोरा होतो, पाण्याचं पानी. तुमच्या शब्दांत यातलं एखादं अक्षर असेल तर यादीत ‘र’चे प्रकार धरले होते का?

धागाकर्ती

नाही धरले.

तुमचं वाचलं आणि आठवलं. पासवर्ड ठेवला तो पहिल्या दिवशीच्या रेकॉर्डिंगनंतर, सिंदेवाहीहून परत येताना एसटीत. शब्द कानात ताजे होते. नंतर तीन वर्षं प्रबंधात तेच शब्द कंसात प्रमाण रूप देऊन लिहीत बसले आणि तीच रूपं डोक्यात बसली. चारपैकी दोन शब्दांत ळ आहे, एकात ण.

प्रतिसाद २

मग यादी वाढवू. ‘ळ’साठी एल आणि आर दोन्ही. सोपं पडावं म्हणून प्रत्येक शब्दाचे सरसकट १२ प्रकार धरा. बाराचा चौथा घात २०,७३६, गुणिले सहा, म्हणजे १,२४,४१६. एका प्रक्रियेला ६९ तास लागतील. चार कोअर असतील तर यादीचे चार तुकडे करून एकदम चालवा, सतरा-अठरा तासांत संपेल. ‘र’ची रूपं आधी येतील अशी यादी लावा. लॅपटॉप चार्जरला लावलेला ठेवा आणि झोपेत जाणार नाही असं सेटिंग करा.

प्रतिसाद ५

दोन डिस्क आहेत तर प्रयोग एकीवरच करा, दुसरी हातही न लावता ठेवा. पासवर्ड तोच असला तरी दोन्हींची मुख्य किल्ली वेगळी असते, त्यामुळे एकीचा हेडर दुसरीला चालत नाही. हेडरच्या प्रतींवर नावं टाका.

धागाकर्ती

उघडली. अकराव्या तासाला.

दोन्ही शब्दांत ‘र’च होता. ‘ण’च्या जागी एकच एन, आणि तिसऱ्या शब्दाच्या शेवटी दोन ए.

पहिली फाइल लावली. आजीबाई आधी मला चहा घेतला का विचारतात, मग मागे कोंबडी ओरडते आणि त्या तिला हाकलायला उठतात. हे मी पूर्ण विसरले होते. भंडाऱ्याच्या दादा, तुमचे उपकार कसे फेडू ते कळत नाही.

आता दुसऱ्या स्लॉटमध्ये आणखी एक पासवर्ड घालतेय. तो कागदावर लिहून, पाकिटात बंद करून माझ्या मार्गदर्शक बाईंकडे ठेवणार आहे. पहिलाही बदलून टाकते. अजून काही राहिलं का?

प्रतिसाद २

दोन गोष्टी. त्या १,२४,४१६ ओळींच्या यादीत तुमचा खरा पासवर्ड उघडा पडलाय, ती फाइल आणि तिचे चार तुकडे पुसा. दुसरं म्हणजे, पासवर्ड बदलल्याने मुख्य किल्ली बदलत नाही. तुम्ही आधी काढलेल्या हेडरच्या प्रतीत जुना पासवर्ड अजून चालतो, त्यामुळे ती प्रत आणि जुना पासवर्ड ज्याच्या हाती लागेल तो डिस्क उघडू शकेल. पासवर्ड बदलून झाले की नवी प्रत काढा आणि जुनी नष्ट करा. दुसऱ्या डिस्कचंही तसंच.

धागाकर्ती

यादी आणि तुकडे पुसले. पहिल्या डिस्कचा पासवर्ड बदलला, हेडरची नवी प्रत काढली, जुनी पुसली. दुसरी डिस्क आत्ता लावतेय.