बॉस्टनच्या जुन्या चांदीच्या टँकर्डला तोटी कशासाठी?

जर्सीकर
मंडळी, बॉस्टनला म्युझियममध्ये १७०० च्या आसपासची चांदीची भांडी बघितली, त्यात एक झाकणवाला मोठा मग होता, टँकर्ड, आणि त्याला चक्क तोटी! बिअर प्यायच्या मगाला तोटी कशाला? कानावर तीन अक्षरं त्रिकोणात कोरलेली, ती कारागिराची का? आणि इंग्लंडच्या चांदीवर सिंहाचा छाप असतो तसा कुठेच नाही, मग चांदी चोख आहे हे गिऱ्हाईकाला कळायचं कसं?

चंदेरी
तोटी मूळची नाहीच. १९व्या शतकात दारूविरोधी चळवळीने जोर धरला तेव्हा कितीतरी घरांनी पणजोबांच्या टँकर्डला तोटी जोडून पाण्याचा जग करून टाकला. मला तर बघवत नाही ते. पुढे काहींनी तोटी काढून भोक बुजवलं, पण चांदीवर तोंडाची वाफ मारली की डाखाची, म्हणजे जोडाची, रेघ दिसते.

अक्षरं मालकाची. वर आडनाव, खाली नवरा आणि बायको. कारागिराचा ठसा वेगळा असतो, बघ कानाजवळ किंवा बुडाशी.

सराफकट्टा
सिंह नाही कारण अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतींमध्ये चांदी तपासून छाप मारणारं सरकारी ऑफिसच नव्हतं, कारागिराचं नाव हीच गॅरंटी. म्हणून माणूस भरवशाचा लागायचा. बॉस्टनचा चांदीकाम करणारा जॉन हल बघा, १६५२ ला मॅसॅच्युसेट्सची टांकसाळ निघाली ती याच्याकडे आणि पार्टनर रॉबर्ट सँडरसनकडे, म्हणजे नाणी पाडणारे आणि प्याले घडवणारे हात तेच. हलकडे शिकलेला जेरेमाया डमर तिथेच जन्मलेला, नंतर मोठं नाव झालं त्याचं.

चांदी यायची स्पॅनिश नाण्यांतून, वेस्ट इंडिजच्या व्यापारातली. तिकडे बँका नव्हत्या, नाण्यांची थैली चोरीला गेली तर आपली म्हणून ओळखणार कशी, त्यापेक्षा वितळवून टँकर्ड करायचा, नाव घालायचं, बुडाला वजन कोरून ठेवायचं, मग चोरी झालीच तर पेपरात जाहिरात देता यायची. आपल्याकडे पाटल्या करून ठेवतात तसंच, फक्त हे रोज वापरात.

पण ती चांदी मुळात पोटोसी (आताच्या बोलिव्हियात) आणि मेक्सिकोच्या खाणींतली, पोटोसीत तर तिथल्या मूळच्या लोकांना वेठीला धरून राबवलेलं, आणि म्युझियमच्या पाटीवर हे लिहायलाच हवं असं माझं ठाम मत आहे.

जर्सीकर
भारीच! आणि बॉस्टनचा तो प्रसिद्ध चांदी कारागीर, पॉल रिव्हिअर?

चंदेरी
त्याचा १७६८ चा सन्स ऑफ लिबर्टी (ब्रिटिशांच्या करांना विरोध करणारा गट) बाऊल बॉस्टनच्याच म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये आहे, तो चुकवू नकोस. नव्या करांविरुद्ध सगळ्या वसाहतींना पाठवलेलं पत्र मागे घ्या असा राजाकडून हुकूम आला आणि मॅसॅच्युसेट्सच्या ९२ सभासदांनी नाही म्हणून सांगितलं, त्यांच्या मानासाठी १५ जणांनी हा पंचचा बाऊल करून घेतला, त्या १५ जणांची नावं काठाखाली कोरलीयत. १९४९ मध्ये तो म्युझियमसाठी विकत घेतला त्यात शाळेतल्या पोरांनी जमवलेली चिल्लरसुद्धा होती. रिव्हिअरचा बाप फ्रेंच, पोरवयात आलेला, बॉस्टनचा कारागीर जॉन कोनीकडे काम शिकला.

आणि न्यूयॉर्कचे टँकर्ड वेगळे हां, झाकण सपाट आणि बुडाशी पानांची पट्टी. तिथल्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये बघायला मिळतील.