पन्नाशीची क्रूझ: बंदरावर उतरून करायचं काय?

ताई: आधी पूर्ण वाचा, मग बोला. आप्पा-माईच्या लग्नाच्या पन्नाशीच्या क्रूझचं जहाज ठरलं, खोल्या ठरल्या. आता कॅरिबियनमधल्या बंदरांचं बघू. डिसेंबरातल्या रविवारी मायामीहून निघतोय. सोमवार-मंगळवार समुद्रातच. बुधवारी दुपारी एक ते रात्री नऊ पोर्तो रिकोचं सॅन हुआन, गुरुवारी सेंट थॉमस, शुक्रवारी सेंट मार्टिन, हे दोन्ही सकाळी आठ ते संध्याकाळी पाच. मग पुन्हा दोन दिवस पाणीच पाणी आणि सोमवारी पहाटे मायामी. कोणाला कुठे काय करायचंय ते इथेच लिहा. मला वेगवेगळे फोन करू नका, प्लीज.

मावशी: मी यादी केली आहे. झिपलाइन, स्नॉर्कलिंग, कॅटमरान, पाणबुडी, रमचा कारखाना, फुलपाखरांची बाग. अजून पाहतेय.

चिनू: मावशीआज्जी रॉक्स 🔥

माई: अगं तुझा गुडघा?

मावशी: गुडघा माझा आहे ना?

आप्पा: मला सॅन हुआनचा एल मोरो किल्ला पाहायचा आहे. बाकी तुम्ही सर्वांनी मिळून ठरवावे. 1539 साली स्पॅनिशांनी बांधायला घेतला. 1595 मध्ये इंग्रज दर्यावर्दी ड्रेक चालून आला, त्याला तोफांनी परतवले. परंतु तीनच वर्षांनी इंग्रज जमिनीच्या बाजूने आले आणि किल्ला घेतला. सगळ्या तोफा समुद्राकडे रोखलेल्या, पाठ उघडी. त्यानंतर शहराच्या जमिनीकडच्या अंगाला दुसरा किल्ला उभारला, सॅन क्रिस्टोबल. तोही पाहायचा आहे.

दादा: आप्पा, तुम्ही एका बंदरासाठी एवढा अभ्यास केलात, आम्ही अजून तिकिटं काढतोय.

ताई: आप्पा, दोन्ही किल्ले अमेरिकेच्या नॅशनल पार्क खात्याकडे आहेत. मोठ्यांना 10 डॉलर, त्याच तिकिटावर दुसराही चालतो, पंधरापर्यंतच्या मुलांना फुकट. पण एक अडचण आहे. दारं साडेचारच्या सुमारास बंद होतात. जहाज एकला लागणार, एवढी माणसं उतरेपर्यंत दोन वाजणार. म्हणजे हातात जेमतेम अडीच तास. त्यात जेवण, खरेदी, फोटो यातलं काही बसत नाही.

मला वाटतं उतरल्या उतरल्या किल्ला, बाकी सगळं नंतर. जुनं शहर रात्रीही गजबजलेलं असतं, रंगीत घरं आहेत, निळसर दगडांचे रस्ते आहेत. ते सहानंतर निवांत बघू. जेवण जहाजावरच करून उतरायचं.

वहिनी: ताई, चढ आहे ना पण? आणि ते गोटे बसवलेले रस्ते. आप्पांच्या पायाला जमेल का?

ताई: धक्का जुन्या शहराला लागूनच आहे, पण एल मोरो दुसऱ्या टोकाला आणि उंचावर. टॅक्सी हिरवळीच्या कडेपर्यंतच जाते. तिथून दारापर्यंत उघड्या मैदानातून चालत, ऊन आणि भन्नाट वारा. आत सहा पातळ्या, उतार आणि जिने. वरचं पटांगण बघून आप्पा थांबू शकतात, खालच्या तोफांच्या माळा दादाने व्हिडिओ कॉलवर दाखवायच्या.

आप्पा: व्हिडिओवर किल्ला पाहायचा असता तर पुण्यातच बसलो असतो. मी हळूहळू उतरेन.

दादा: मी तुमच्याबरोबर आहे. आणि आप्पा, सॅन क्रिस्टोबल धक्क्यापासून जवळ आहे. वेळ कमी पडला तर एल मोरो पक्का, तो ऐच्छिक.

चिनू: त्या मैदानावर लोक पतंग उडवतात!! मी व्हिडिओ बघितला. आपण मांजा नेऊ या.

वहिनी: मांजा न्यायचा नाही. तिथे साधा पतंग विकत मिळतो, दोऱ्यासकट.

दादा: आता पैशाचं. जहाजाच्या सहली मी बघितल्या. सेंट थॉमसला बीचवर सोडून परत आणण्याचे जे मागतात, त्याच्या निम्म्यात बाहेरची टॅक्सी मिळते. एवढ्या माणसांचा हिशोब करा. सगळीकडे आपलं आपणच करू. सेंट थॉमसला गाडी भाड्याने घेऊ का?

ताई: गाडी नको. सेंट थॉमस अमेरिकेचं, पण गाड्या डावीकडून चालतात, आपल्यासारख्या.

मावशी: मग बरंच आहे की!

ताई: मावशी, रस्ता डावीकडचा आणि स्टिअरिंगही डावीकडे, कारण गाड्या अमेरिकन. वर घाट. दादा वीस वर्षं उजवीकडून चालवतोय. मला त्या गाडीत बसायचं नाही.

दादा: 😐

आप्पा: ही बेटे 1917 पर्यंत डेन्मार्कची होती. अमेरिकेने अडीच कोटी डॉलरचे सोने देऊन विकत घेतली. डावीकडून चालण्याची रीत तशीच राहिली.

ताई: तिथे टॅक्सी म्हणजे मागे बाकं टाकलेले उघडे ट्रक, सफारी टॅक्सी म्हणतात. मीटर नाही, भाडं माणशी. बसायच्या आधी विचारायचं, 'माणशी किती आणि परत न्यायला कोण येणार'. पायरी उंच असते, माईला दोघांनी हात द्यायचा. मेगन्स बे हा बीच दादाने निवडलाय तोच मलाही पटतो. पाणी संथ, वाळू मऊ, सावलीला झाडं. आप्पा-माई खुर्चीत, मुलं पाण्यात, मावशीला स्नॉर्कल घालून द्यायचा.

आणि सगळं आपलं आपण हे मला मान्य नाही. जहाजाची स्वतःची सहल उशिरा परतली तर जहाज थांबतं. आपण आपल्या टॅक्सीने गेलो आणि अडकलो तर नाही थांबत. जहाजवाले आपले पासपोर्ट धक्क्यावरच्या एजंटकडे ठेवून निघून जातात आणि पुढचं बंदर आपल्या खर्चाने गाठायचं. म्हणून जिथे चालत किंवा पंधरावीस मिनिटांत परत येता येतं तिथे आपलं आपण. जिथे रस्ता लांब आणि बेभरवशाचा, तिथे पैसे जास्त गेले तरी जहाजाची सहल.

दादा: म्हणजे सेंट मार्टिन?

ताई: हो. माहो बीचवर विमानं डोक्यावरून जातात, ते तुला आणि चिनूला बघायचंच आहे, मला माहितीये. पण तो बीच बेटाच्या दुसऱ्या बाजूला. वाटेत सिम्पसन बेचा उचलता पूल आहे. होड्या सोडायला तो उघडला की गाड्यांची ही रांग. पाचला निघणाऱ्या जहाजासाठी चार-साडेचारला आत असायचं. त्या पुलावर अडकून मला घड्याळ बघत बसायचं नाही. तुम्ही दोघं जहाजाच्या सहलीने जा.

आणि चिनू, नीट ऐक. कुंपणाला लटकायचं नाही. धावपट्टी रस्त्यापलीकडेच सुरू होते आणि निघणाऱ्या विमानाचा झोत माणसाला उडवतो. 2017 मध्ये एका बाईचा जीव गेलाय तिथे. लांब उभं राहून बघ.

चिनू: ओके आत्या.

मावशी: आणि आम्ही बायकांनी काय करायचं?

ताई: धक्क्यावरून होडीने फिलिप्सबर्ग. समोर बीच, मागच्या गल्लीत फ्रंट स्ट्रीट, दागिने आणि घड्याळांची रांग. बरीचशी दुकानं सिंध्यांची. तू हिंदीत बोल, तो हिंदीत उत्तर देईल.

मावशी: म्हणजे उल्हासनगरच! मग भाव मी करणार. कोणी मध्ये बोलायचं नाही.

माई: झिपलाइन गेली वाटतं मग.

मावशी: झिपलाइनचं बघू.

आप्पा: त्या बेटाचे दोन भाग आहेत. उत्तरेला फ्रेंच, दक्षिणेला डच. 1648 च्या तहाने वाटून घेतले. सीमेवर चौकी नाही, नुसता फलक आहे.

वहिनी: थांबा. सहलींच्या आधी एक महत्त्वाचं. भाऊजी, तुमचं एच-वन-बीचं, म्हणजे नोकरीच्या व्हिसाचं, स्टॅम्पिंग संपलंय ना?

भाऊजी: पासपोर्टवरचा व्हिसा संपलाय, पण आय-797, म्हणजे मंजुरीचं पत्र, आहे तीन वर्षांचं. गेल्या वर्षी कॅनडाला जाऊन आलो त्यावर. काही अडलं नाही.

वहिनी: तेच. ती सवलत कॅनडा आणि मेक्सिकोपुरती, तीही तीस दिवसांच्या आत परतलात तर. कॅरिबियन बेटांसाठी ती फक्त विद्यार्थी आणि एक्स्चेंजवाल्यांना, म्हणजे एफ आणि जे. एच-वन-बीला नाही. सेंट मार्टिनला जहाज लागलं की तुम्ही अमेरिकेबाहेर. मायामीला परत शिरताना पासपोर्टवर चालू व्हिसा लागणार. नसेल तर मुळात मायामीलाच जहाजात चढू देणार नाहीत.

भाऊजी: असं असेल असं कोणी सांगितलंच नाही.

ताई: मला वाटलं क्रूझ म्हणजे तिथून तिथेच परत, त्यामुळे प्रश्न नाही.

वहिनी: ते 'तिथून तिथेच' अमेरिकन सिटिझनसाठी. त्यांना जन्मदाखला आणि फोटोचं ओळखपत्र असलं तरी चालतं. आपलं वेगळं. आप्पा-माई-मावशीचा बी-वन-बी-टू, म्हणजे पर्यटक व्हिसा, दहा वर्षांचा, मल्टिपल एंट्री आहे, तो ठीक. ताईंचं स्टॅम्पिंग मागच्या भारतफेरीत झालंय. अडकलेत फक्त भाऊजी.

दादा: सेंट मार्टिन सोडून फक्त अमेरिकेच्या बेटांवर जाणारी क्रूझ घेऊ मग. सॅन हुआन, सेंट थॉमस, परत.

वहिनी: मिळणं कठीण. परदेशी झेंड्याचं जहाज अमेरिकेच्या एका बंदरातून निघून तिथेच परत यायचं असेल तर मध्ये सहसा परदेशी बंदर घ्यावं लागतं. 1886 चा कायदा आहे. म्हणून तर बहुतेकांच्या यादीत एखादं बहामाज किंवा सेंट मार्टिन असतंच.

आप्पा: जावईबापूंशिवाय पन्नाशी करायची नाही.

माई: मलाही ते पटत नाही. पुढे ढकलू या का?

भाऊजी: ढकलू नका. डिसेंबरच्या आत स्टॅम्पिंगची तारीख मिळेल की नाही सांगता येत नाही, आणि त्यासाठी भारतात जाऊन तिथे अडकायची माझी तयारी नाही. पण सॅन हुआनला मला डॅलसहून विमानाने येता येतं. पोर्तो रिको म्हणजे अमेरिकाच, देशांतर्गत प्रवास. व्हिसाचा प्रश्नच येत नाही. मी मंगळवारी पोहोचतो, बुधवारी तुम्हाला धक्क्यावर भेटतो. किल्ल्याची तिकिटं आधी काढून ठेवतो. रात्री नऊपर्यंत तुमच्याबरोबर.

ताई: आणि पन्नाशीचा केक?

भाऊजी: सॅन हुआनमध्येच कापू. जुन्या शहरात संध्याकाळी सहाचं टेबल मी सांगून ठेवतो. व्हेज मिळेल अशी जागा बघतो, मोफोंगो हा तिथला पदार्थ केळ्याचा असतो, फक्त त्यात डुकराचं घालू नका असं आधी सांगावं लागतं.

माई: हे छान झालं. मला तो समुद्रातला केक नकोच होता.

दादा: आता घड्याळाचं. सगळ्यांनी लक्ष द्या. ही तिन्ही बेटं वर्षभर एकाच वेळेवर असतात, घड्याळ पुढेमागे करत नाहीत. डिसेंबरात ती मायामीच्या एक तास पुढे. फोन आपोआप बदलेल, हातातलं घड्याळ बदलणार नाही. जहाज स्वतःचं घड्याळ बदलतं की नाही हे कप्तान ठरवतो आणि आदल्या रात्री खोलीत कागद येतो. जहाजाने तास पुढे केला आणि तुमच्या मनगटावर मायामीचीच वेळ राहिली, तर तुम्ही एक तास उशिरा याल. जहाज गेलेलं असेल. भाऊजी, तुम्ही 'सहा वाजता' म्हणालात ते सॅन हुआनचे सहा, हे लक्षात ठेवू.

आप्पा: मी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावीन आणि फोन पाहणारच नाही.

ताई: आप्पा बरोबर. सगळ्यांनी तसंच करा. फोनचं आणखी एक. जहाजावर गेल्यावर एअरप्लेन मोड, मग जहाजाचं वायफाय. फोनने जहाजाचा मोबाइल टॉवर पकडला तर बिल बघून चक्कर येईल. सॅन हुआन-सेंट थॉमसला अमेरिकेतले बहुतेक प्लॅन चालतात, सेंट मार्टिनला रोमिंग.

माई: खायला काय काय घेऊ? चकली, शंकरपाळी, गूळपोळी. आणि तो छोटा कुकर.

वहिनी: माई, कुकर नाही. गरम होणारी कुठलीही वस्तू जहाजावर चालत नाही, किटली आणि इस्त्रीसुद्धा काढून घेतात. घरचं डब्यातलं खाणंही नाही. दुकानातलं सीलबंद पाकीट मात्र चालतं.

माई: म्हणजे माझी शंकरपाळी नाही, पण दुकानातली भाकरवडी चालते?

वहिनी: हो. आणि ती बेटावर उतरवायची नाही. खोलीतच संपवायची.

दादा: जेवणाची काळजी करू नकोस माई. जहाजांवर गोव्याचे पुष्कळ लोक असतात. पहिल्या रात्री मुख्य वेटरला सांगायचं, व्हेज आणि तिखट चालतं. दुसऱ्या दिवसापासून वरण-भात टेबलावर येऊ शकतो. कोकणीत बोललीस तर आधी येईल.

मावशी: आणि बोट लागली तर? मला बसनेसुद्धा लागते.

ताई: अवोमिन घेऊन या, लागायच्या आधी घ्यायची, नंतर उपयोग नाही. झोप येते, म्हणून झिपलाइनच्या दिवशी नको.

मावशी: कसली झिपलाइन. मी फ्रंट स्ट्रीटलाच आहे.

ताई: ठरलं तर. राहिलेली कामं लिहिते. दादा, मायामीला सगळ्यांनी शनिवारीच पोहोचायचं, नेवार्कला बर्फ पडला तर रविवारची फ्लाइट गेली आणि जहाजही गेलं. धक्क्याजवळचं हॉटेल तू बघ. वहिनी, सेंट मार्टिनसाठी भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा चालतो, तरी क्रूझच्या यादीत भारतीय पासपोर्टवाल्यांची नावं घालून खात्री कर. आप्पा, औषधं, कागदपत्रं आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगा संध्याकाळपर्यंत खोलीत येत नाहीत. विमा भारतातून घेताना क्रूझ धरली आहे का ते विचारा, जहाजावरच्या डॉक्टरची फी वेगळी असते. आणि प्रत्येकाने पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो मला खासगीत पाठवा, ग्रुपवर नको. नाव जसं छापलंय तसंच बुकिंगला जाणार.

मावशी: माझ्या पासपोर्टवर माहेरचं नाव आहे.

ताई: तेच घालते.

भाऊजी: सॅन हुआनचं तिकीट काढलं. मंगळवारी रात्री दहाला पोहोचतो. धक्का एक, तीन की चार, ते जहाजाच्या कागदावर आलं की कळवा.