‘प्रिव्हॅलन्स’ला मराठीत काय म्हणायचं? (माशांतले कृमी)

पाणवठा: मत्स्यशेती करणाऱ्यांसाठी गोड्या पाण्यातल्या माशांच्या कृमींवर मराठी पुस्तिका लिहितोय. तीन शब्दांवर अडलोय: प्रिव्हॅलन्स, इंटेन्सिटी, अबंडन्स. समजा 40 मरळ मासे तपासले, 10 माशांत कृमी निघाले, एकूण 60. पहिला आकडा 25 टक्के, म्हणजे लागण झालेले मासे. दुसरा 6, लागण झालेल्या दर माशामागे. तिसरा दीड, तपासलेल्या सगळ्या माशांमागे. मी प्रादुर्भाव, तीव्रता, विपुलता लिहिलं होतं. संपादकांनी तिन्ही खोडून ‘प्रमाण’ केलं. 25 टक्के प्रमाण, 6 प्रमाण, दीड प्रमाण, वाचणाऱ्यानं काय समजायचं?

शब्दवेडी: प्रादुर्भाव नकोच. संस्कृतात त्याचा अर्थ प्रकट होणं. ‘लागण’ हा सरळ मराठी शब्द असताना तो कशाला?

आडसाली: ताई, आमच्याकडे लागण म्हटलं की आधी उसाची, म्हणजे लागवड. आणि बोंडअळीचा प्रादुर्भाव शेतकऱ्याला बरोबर कळतो. संस्कृतात काय होतं यावर आजचा अर्थ ठरत नाही.

भीमाकाठ: मुळात ‘कृमी’ तरी कोण म्हणतं? आमच्या आईनं एकदा मरळ साफ करताना काळजाजवळून वेटोळं झालेला लालभडक किडा काढला, सुतळीएवढा जाड. मी ‘जंत’ म्हणालो तर मासेवाल्या मावशी म्हणाल्या, “जंत पोटात होतात, मासाला किडा लागतो.” हा फरक मी आजवर विसरलेलो नाही.

पाणवठा: तो युस्ट्रॉन्जिलिडिस असावा, गोलकृमीची अळी. आधी पाण्यातल्या गांडूळवर्गी प्राण्यात, मग माशात. पूर्ण वाढ होते ती मासे खाणाऱ्या पक्ष्याच्या पोटात. पण माझे तीन शब्द?

शब्दवेडी: लालभडक वरून आठवलं, ‘किरमिजी’ आणि ‘कृमी’ मुळात एकच. फारसीत किर्म म्हणजे कृमी, आणि तो लाल रंग किड्यापासूनच करत.

प्रयोगशाळा: ‘तीव्रता’ बदला. वाचणाऱ्याला वाटेल, मासा किती आजारी आहे ते. इथे फक्त मोजणी आहे, ‘कृमिभार’ म्हणा. आणि सरासरी एकटी देऊ नका. नऊ माशांत मिळून 15 आणि दहाव्यात एकट्यात 45 असंही असतं. बहुतेक माशांत शून्य किंवा एखाददुसरा, थोड्यांत ढीग. परजीवींचे अभ्यासक क्रॉफ्टन यांनी 1971 मध्ये परजीवीपणाची ओळखच या असमान वाटणीवर बांधली. फार भार झालेला मासा मेला की त्याच्याबरोबर कितीतरी कृमी मरतात, म्हणून त्यांची संख्या आवाक्यात राहते. या वाटणीला मराठी शब्द हवा. ‘एकवट वितरण’?

शब्दवेडी: एकवटणं मुद्दाम होतं, सर. कृमी काही ठरवून जमत नाहीत.

भीमाकाठ: आईला विचारलं. म्हणाली, “एखाद्याच माशात बुजबुजाट असतो, बाकीचे स्वच्छ.”

आडसाली: हाच शब्द! पुस्तिकेत घालाच.

शब्दवेडी: बुजबुजाट म्हणजे नकोशी गर्दी. एका माशातली गर्दी त्यानं सांगता येईल, 40 माशांतली वाटणी कशी सांगणार?

प्रयोगशाळा: मग ‘पुंजका’ चालेल का?

भीमाकाठ: पुंजका कापसाचा. पण ‘बुजबुज’ आला कुठून? मुंग्यांसाठीही तोच म्हणतात ना?